नाना पेठेतील निष्कलंक मातेचे देवालय : पुण्याचे ‘सिटी चर्च’ आणि सातारा-सांगलीशी त्याचे नाते

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आमचे अनेक भाविक शिक्षणासाठी, नोकरीसाठी अथवा औषधोपचारासाठी पुण्यास येतात. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात आप्तांना भेटून क्वार्टर गेटच्या चौकाकडे चालत येताना त्यांच्या दृष्टीस एक जुने देवालय पडते. कोणी आत जाऊन गुडघे टेकतात, कोणी रस्त्यावरूनच क्रुसाची खूण करून पुढे जातात. ‘हे इंग्रजांनी बांधलेले चर्च असावे’ असा बहुतेकांचा समज असतो. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने आम्हाला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यामागे कुतूहलापेक्षा संकोच अधिक होता. महाविद्यालयातील मित्रांनी त्याला ‘तुमचा धर्म इंग्रजांबरोबर आला’ असे सुनावले होते आणि त्याला उत्तर देता आले नव्हते. असे प्रश्न पडलेल्या सर्वांसाठी प्रस्तुत लेखात या देवालयाची व त्याच्या परिसराची माहिती आम्ही देत आहोत.

देवालयाची स्थापना

या देवालयाचे पूर्ण नाव निष्कलंक गर्भसंभव मातेचे देवालय असे आहे. लष्कर भागातील, म्हणजेच कॅम्पातील देवालयांपासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून लोक त्यास ‘सिटी चर्च’ म्हणू लागले आणि आज हेच नाव सर्वतोमुखी आहे. त्याची स्थापना १७९२ सालची. पुण्यावर इंग्रजांचा अंमल खडकीच्या लढाईनंतर, नोव्हेंबर १८१७ मध्ये बसला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. म्हणजे हे देवालय पुण्यातील इंग्रजी राजवटीपेक्षा पंचवीस वर्षांनी जुने आहे. देवालयाला जमीन दिली ती पेशव्यांनी.

त्या वेळी सवाई माधवराव गादीवर होते. पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती सैनिक होते व त्यांच्यावर दों मिगेल द नोरोन्हा नावाचे पोर्तुगीज अधिकारी होते. आपल्या माणसांना उपासनेसाठी जागा नाही, ही अडचण त्यांनी दरबारासमोर मांडली आणि पेशव्यांनी शहराच्या पूर्व कडेला सुमारे चार एकर जमीन दिली. त्या जमिनीवर एक लहानसे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि १७९२ च्या नाताळात तेथे पवित्र मिस्साबलिदान अर्पण करण्यात आले. धर्मगुरू गोव्याहून येत. आज दिसणारी मोठी वास्तू नंतरची, १८५२ च्या सुमाराची आहे.

१७९२ साल आणि पेशव्यांची फौज

पेशव्यांच्या राजधानीत ख्रिस्ती सैनिक कसे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या युद्धपद्धतीत मोठा बदल होत होता. तोफखाना आणि कवायती पलटणी यांचे महत्त्व वाढले होते. तोफा ओतणे, त्या डागणे, पायदळास युरोपीय पद्धतीची कवायत शिकविणे यासाठी जाणकार माणसांची गरज भासे. महादजी शिंदे यांनी द ब्वान्य या अधिकाऱ्याकडून अशा पलटणी तयार करून घेतल्या होत्या; तेच महादजी १७९२ च्या जून महिन्यात उत्तरेकडून पुण्यास आले. गोवा व कोकणपट्टी जवळ असल्याने तेथील ख्रिस्ती माणसे मराठी फौजांत चाकरीस येणे ओघाने आलेच.

याच सुमारास टिपू सुलतानाविरुद्धची मोहीम संपून मराठी फौजा कर्नाटकातून परतत होत्या. त्या मोहिमेतील एक प्रमुख सेनापती म्हणजे तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. सांगली जिल्ह्यातील वाचकांना त्यांचा परिचय नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. १७९१ च्या एप्रिलमध्ये धारवाडचा किल्ला त्यांच्या हाती आला, तो दीर्घ वेढ्यानंतर. अशा वेढ्यांत तोफखान्याची आणि तोफा चालविणाऱ्यांची किंमत काय असते, हे पुण्याच्या दरबारास नीट ठाऊक होते. जमीन देण्यामागे औदार्य होते तसा व्यवहारही होता. घरापासून दूर असलेला सैनिक मन लावून चाकरी करावयाचा असेल, तर त्याच्या देवाला जागा दिली पाहिजे, हे दरबाराने ओळखले. यात औदार्याला काही उणेपणा येतो असे आम्हाला वाटत नाही.

दान देणाऱ्यांचे सातारा जिल्ह्याशी नाते

या दानाच्या कथेतील बहुतेक सर्व व्यक्तींचे धागे सातारा जिल्ह्यात पोहोचतात. सवाई माधवराव १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मले. त्यांची आजी गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातील. वाईचा प्रसिद्ध ढोल्या गणपती १७६२ मध्ये याच रास्ते घराण्याने बांधला. सिटी चर्चच्या शेजारी असलेली रास्ता पेठ पूर्वी शिवपुरी या नावाने ओळखली जाई. सरदार आनंदराव रास्ते यांच्यावरून तिला आजचे नाव मिळाले.

ज्या नाना पेठेत हे देवालय आहे ती पेठ नाना फडणवीसांच्या नावाची. तिचे मूळ नाव हनुमान पेठ होते. १७९० च्या आसपास ती वसविली गेली. म्हणजे देवालयाला जमीन मिळाली तेव्हा ही वस्ती नुकतीच आकार घेत होती आणि पलीकडे मोकळे रान होते. सवाई माधवराव त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. राज्याचा सर्व कारभार नानांच्या हाती होता. त्यामुळे या दानास नानांची संमती असलीच पाहिजे, असा तर्क करता येतो. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला आणि त्यांचा सुप्रसिद्ध वाडा वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी आहे. तेथील कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

मेणवलीची घंटा

मेणवलीला वाड्याच्या पाठीमागे उतरणारा दगडी घाट आहे. घाटावर मेणेश्वराचे मंदिर आहे आणि त्याजवळच्या एका लहानशा दगडी बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे. ही घंटा मुळात ख्रिस्तमंदिराची आहे. तिच्यावर पवित्र मरिया व बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, त्यानंतर तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी नेण्यात आल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील घंटाही त्याच परंपरेतील आहे.

आमच्या काही भाविकांना ही घंटा पाहून दुःख होते, तर काहींना अभिमान वाटतो. आम्हाला मात्र ही घंटा आणि नाना पेठेतील जमीन या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात. १७३९ मध्ये युद्धात ख्रिस्तमंदिराची घंटा काढून नेली गेली. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी त्याच पेशवे घराण्याने आपल्या राजधानीत नव्या ख्रिस्तमंदिरासाठी जमीन दिली. मंदिराच्या अंगणात घंटा टांगणाऱ्यांनी तिच्यावरील मातेची आकृती घासून टाकली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. वैराचा तेवढाच भाग लक्षात ठेवला तर इतिहास अर्धा राहतो. दानाचाच तेवढा भाग सांगितला तरीही तो अर्धाच राहतो.

देवालयाचे नाव

देवालयास दिलेल्या नावाविषयीही काही गैरसमज आढळतात. ‘निष्कलंक गर्भसंभव’ म्हणजे प्रभू येशूचा कुमारी मातेच्या उदरी झालेला संभव, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पवित्र मरिया तिच्या आईच्या उदरी संभवली त्या क्षणापासूनच देवाच्या विशेष कृपेने आदिपापाच्या डागापासून मुक्त होती, असा या श्रद्धातत्त्वाचा अर्थ आहे. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी हे तत्त्व अधिकृतपणे घोषित केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, लूर्द येथील दर्शने घडली.

पुण्यातील देवालय या घोषणेपूर्वी बासष्ट वर्षे उभे राहिले. मग त्यास हे नाव कसे मिळाले? याचे उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगालच्या राजाने १६४६ मध्ये निष्कलंक मातेस आपल्या राज्याची आश्रयदात्री म्हणून घोषित केले होते आणि पणजीचे प्रसिद्ध देवालयही याच मातेच्या नावाचे आहे. गोव्याहून आलेले धर्मगुरू व सैनिक यांनी घरची भक्ती आपल्याबरोबर आणली. पोप महोदयांनी घोषणा केली तेव्हा पुण्याच्या भाविकांच्या दृष्टीने तो विश्वास नवा नव्हता. त्यांची तिसरी पिढी त्याच नावाच्या देवालयात प्रार्थना करीत होती. दर वर्षी ८ डिसेंबरला देवालयाचा सण येतो.

एका शहरात दोन अधिकारक्षेत्रे

१८१८ नंतर शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली. सिटी चर्च शहर आणि छावणी यांच्या सीमेवर आले. छावणीत आयरिश कॅथलिक सैनिक पुष्कळ होते. त्यांच्यासाठी १८५० मध्ये संत पॅट्रिकचे देवालय बांधण्यात आले. तेच आज पुणे धर्मप्रांताचे मुख्य देवालय आहे.

येथे एक कटू प्रकरण सांगणे भाग आहे. भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेत त्या काळी दोन अधिकारक्षेत्रे होती. एक पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील. त्याचे केंद्र गोवा. दुसरे प्रोपागांडा, म्हणजे थेट रोमच्या अधीन. मुंबईप्रमाणे अन्यत्रही या दोहोंत दीर्घकाळ तंटे झाले. एकाच श्रद्धेची, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे ‘तुमचे धर्मगुरू’ आणि ‘आमचे धर्मगुरू’ अशा भाषेत बोलू लागली. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी पोर्तुगालशी करार केला आणि त्याच वर्षी भारतातील ख्रिस्तसभेची धर्मप्रांतवार रचना केली. तेव्हाच, १ सप्टेंबर १८८६ रोजी, पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. दुहेरी अधिकारक्षेत्राचा प्रश्न पुढे १९२८ च्या करारात मिटविण्यात आला. आज एखाद्या धर्मग्रामात भाषेवरून किंवा मूळ गावावरून गट पडू लागले की आम्हाला या जुन्या तंट्याची आठवण होते. त्या भांडणात कोण बरोबर होते हे आज कोणाच्या स्मरणात नाही. भांडणामुळे झालेले नुकसान मात्र इतिहासात नोंदले गेले.

धर्मप्रांताचे पहिले महागुरू बर्नार्ड बायडरलिंडन हे जर्मन येशूसंघीय होते. त्यांच्यानंतर १९०७ मध्ये महागुरू झालेले हेन्री डोरिंग हे मराठी वाचकांना विशेष जवळचे. कारण १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक त्यांनीच सुरू केले. पहिल्या महायुद्धामुळे त्यांना आपल्या धर्मप्रांतात परतता आले नाही. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. पूर्वीचा पुणे धर्मप्रांत फार विस्तीर्ण होता. १९८७ मध्ये त्यातून नाशिक धर्मप्रांत आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. सातारा व सांगली हे जिल्हे पुण्याबरोबरच राहिले.

देवालयाचा शेजार

सिटी चर्चच्या आवारात ऑर्नेलाज शाळा आहे. तेथे सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत. देवालयाच्या परिसरात अर्ध्या तासाच्या पायी फेरीत किती श्रद्धास्थाने भेटतात हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. नाना पेठेतच पारशी बांधवांची अग्यारी आहे. रास्ता पेठेत यहुदी बांधवांचे सभास्थान आहे आणि कॅम्पाच्या बाजूस डेव्हिड ससून यांनी बांधविलेले, लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे दुसरे सभास्थान आहे. गुरुवार पेठेत पंचहौद येथे १८८५ मध्ये बांधलेले पवित्र नाम देवालय आहे. ते अँग्लिकन परंपरेतील असून आज उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळाकडे आहे. बाहेरगावचे आमचे भाविक हे देवालय आणि सिटी चर्च यांत नेहमी गल्लत करतात, म्हणून हा खुलासा. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ज्या चहापानावरून १८९० मध्ये गहजब झाला, ते चहापान याच पंचहौद मिशनमध्ये झाले होते.

आषाढी वारीच्या दिवसांत या पेठांचे रूप पालटते. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामास असते, तर आळंदीची ज्ञानेश्वर महाराजांची पालखी शेजारच्या भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात. पुढे माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करीत नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात लोणंदला येते आणि फलटणमार्गे पंढरपूरकडे जाते. नाना पेठेच्या रस्त्यांवरून निघालेला गजर काही दिवसांनी फलटणच्या आमच्या वाचकांच्या दारावरून जातो. २००९ ते २०२३ या काळात पुण्याचे महागुरू असलेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला व तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

भाषेचा प्रश्न

आरंभीचे सिटी चर्चचे भाविक गोव्याकडचे, त्यामुळे कोकणी बोलणारे. छावणी वाढली तसे तमिळ भाषिक आले. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मराठी भाविक रोजगारासाठी शहरात आले, त्यांचीही भर पडली. उपासना मात्र सर्वांसाठी लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि मातृभाषेतील उपासनेचे दार उघडले.

मराठीला हे स्थान उशिरा मिळाले, परंतु ते उसने नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे पुण्यात पहिले कॅथलिक देवालय उभे राहण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगितली गेली होती. सातारा, सांगली, मिरज येथील लहान धर्मग्रामांत ज्यांची घरची भाषा मराठी आहे, त्यांनी मराठी मिस्सेला दुय्यम मानण्याचे काहीही कारण नाही.

आपण काय करावे?

वर उल्लेखिलेल्या तरुणाला आम्ही तेव्हा थोडक्यात उत्तर दिले होते. आज सविस्तर देता येते. आपल्या शहरातील पहिले कॅथलिक देवालय इंग्रजांनी उभारले नाही. साताऱ्यास जन्मलेल्या मुत्सद्द्याच्या कारभारात, वाईच्या माहेरवाशिणीच्या नातवाने दिलेल्या जमिनीवर ते उभे राहिले. हे सांगताना आवाज चढविण्याची गरज नाही आणि अतिशयोक्ती करण्याचीही नाही. पेशवे ख्रिस्ती धर्माकडे झुकले होते, असे काही उत्साही मंडळी सांगतात. त्यास आधार नाही. ते आपल्या धर्माचे निष्ठावान अनुयायी होते आणि तसे असूनच त्यांनी दुसऱ्याच्या उपासनेसाठी जागा दिली. या दानाचे मोल त्यातच आहे.

आमच्या वाचकांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या, थडग्यांवरील लेख, घरातील जुनी पत्रे व छायाचित्रे यांची काळजी घ्यावी. वाळवीला व ओलीला बळी पडलेली वही पुन्हा लिहिता येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ‘आपण येथे कधी व का आलो’ एवढे जरी लिहून ठेवले, तरी तो मोठा ठेवा होईल. दुसरी, पुढच्या वेळी पुण्यास याल तेव्हा क्वार्टर गेटजवळ थोडे थांबून देवालयात जावे आणि वाईला जाल तेव्हा मेणवलीच्या घाटावर उतरून ती घंटा पाहावी. मुलांना बरोबर न्यावे. घंटेवरील माता आणि नाना पेठेतील देवालयाची माता एकच आहे, हे त्यांना तेथेच दाखवून सांगावे.

ज्यांनी जमीन दिली आणि ज्यांनी त्या जमिनीवर पहिली प्रार्थना केली, त्या सर्वांचे स्मरण येत्या ८ डिसेंबरच्या मिस्साबलिदानात आपण कृतज्ञतेने करू या. निष्कलंक माता आपणा सर्वांसाठी प्रभूपाशी विनंती करो.